काठी, तार आणि १९९ लिटर

तारापूर औद्योगिक वसाहतीला नाव तारापूरचं आहे, पण तिथे कामाला जाणारा माणूस उतरतो बोईसरला. मी सांगतोय ती गोष्ट २००८ सालची. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला. डहाणूपर्यंत लोकलही आलेली नव्हती. विरारला गाडी बदलायची, डहाणूची शटल पकडायची आणि बोईसरला उतरून सहा आसनी रिक्षाने कारखाना गाठायचा, असा माझा दिनक्रम होता.

माझं काम इंधनाच्या टाक्यांवर मापनयंत्रं बसवण्याचं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका कारखान्यात मी जोडून दिलेल्या यंत्रणेमुळे एका माणसावर डिझेलचोरीचा आळ आला. यंत्र बिघडलेलं नव्हतं. तार तुटलेली नव्हती. संगणकाच्या पडद्यावर उमटलेला प्रत्येक आकडा खरा होता. तरीही त्यातून निघालेला निष्कर्ष खोटा होता.

हे कसं घडलं ते सांगायचं, तर दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात म्हणजे नेमकं काय करतात, हे आधी समजून घ्यावं लागेल. विषय तांत्रिक आहे. पण त्यात प्रश्न आहेत ते अक्षरांचे, लिपीचे आणि अर्थाचे, म्हणून तो या अंकाच्या वाचकांपुढे ठेवायला मला संकोच वाटत नाही.

काठीचा हिशेब

भारनियमनाची ती वर्षं. वसाहतीतल्या बहुतेक कारखान्यांत जनरेटर होते आणि जनरेटर म्हणजे डिझेलची टाकी. ही टाकी साधारणपणे आडवी ठेवलेल्या पिंपासारखी असते, पुष्कळदा जमिनीखाली पुरलेली. तिच्यात किती तेल आहे हे पाहण्याचं जुनं साधन म्हणजे डिपची काठी. खुणा केलेली ही काठी टाकीच्या तोंडातून तळापर्यंत सोडायची, वर काढायची, ओली रेघ कुठवर आली ते वाचायचं आणि टाकीच्या तक्त्यात त्या उंचीसमोर दिलेले लिटर वहीत उतरवायचे.

तक्ता लागतो, कारण आडव्या पिंपात प्रत्येक सेंटिमीटरला सारखं तेल मावत नाही. दोन मीटर व्यासाची आणि साधारण साडेसहा मीटर लांबीची टाकी घेतली, तर तिच्यात सुमारे २०,००० लिटर मावतात. टाकी निम्मी भरलेली असताना एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १२८ लिटर. तळापासून दहा सेंटिमीटरवर तोच एक सेंटिमीटर जेमतेम ५६ लिटरचा. म्हणजे मधल्या भागात काठी वाचताना दोन मिलिमीटरची चूक झाली, तरी पंचवीस लिटरचा फरक पडतो. काठी सरळ उभी धरली नाही, घाईत वाचली, अंधारात वाचली की हा फरक पडणारच. टाकीच्या तळाशी पाणी साचलं आहे का हे पाहण्यासाठी काठीच्या टोकाला एक लेप लावतात. पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीच्या बाबतीत ही तपासणी चुकवून चालत नाही.

महिनाअखेरचा हिशेब मात्र सोपा असतो. आधीची शिल्लक अधिक टँकरने आलेलं वजा वाटलेलं, हे झालं वहीतलं तेल. काठीने मोजलेलं हे टाकीतलं तेल. दोहोंत थोडी तफावत राहतेच. ती वाढली की प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारले जातात ज्याच्या हातात काठी असते त्याला.

टाकीच्या पोटातला हेर

माझ्या यंत्रणेत काठीच्या जागी टाकीत कायमचा एक दांडा उभा असतो. इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल याने १८४२ साली दाखवून दिलं की चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी अगदी किंचित बदलते. पुढे याच गुणधर्मावर मापनयंत्रं निघाली. दांड्याच्या आत एक खास धातूची बारीक तार ताणलेली असते. दांड्याभोवती दोन तरंगते गोळे असतात, प्रत्येकात चुंबक. एक डिझेलवर तरंगतो; दुसरा डिझेलपेक्षा जड पण पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो डिझेलमधून खाली जातो आणि तळच्या पाण्यावर तरंगतो. तारेतून विजेचा एक क्षणिक ठोका सोडला की जिथे चुंबक आहे तिथे तारेला पीळ बसल्यासारखा धक्का लागतो आणि त्याची लहर सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने वर येते. लहर यायला किती वेळ लागला यावरून गोळा किती उंचीवर आहे ते कळतं. दांड्यात तापमान मोजणाऱ्या कळ्याही बसवलेल्या असतात.

ही माहिती जाते भिंतीवरच्या एका पेटीत. तिला आम्ही कन्सोल म्हणतो. टाकीचा तक्ता या पेटीच्या स्मृतीत भरलेला असतो. त्यामुळे पेटी उंचीचे लिटर करते, पाणी वेगळं दाखवते आणि सांगितलं तर चिठ्ठीही छापून देते. इथपर्यंत सगळं एकाच घरातलं संभाषण आहे. हिशेबनिसाच्या संगणकावर तोच आकडा दिसावा असं व्यवस्थापनाने ठरवलं की पेटीला परक्याशी बोलावं लागतं. त्यासाठी तिच्या मागे जी खाच असते तिला पोर्ट म्हणतात. पोर्ट म्हणजे यंत्राचं दार. ते जोडणं हे स्क्रू पिळण्याचं काम नाही. दोन अनोळखी यंत्रांमध्ये आधी करार लिहून घेण्याचं ते काम आहे.

कराराच्या चार अटी

तारेवरून अक्षर जात नाही. जातात त्या फक्त दोन अवस्था: विजेचा दाब एका बाजूचा किंवा दुसऱ्या बाजूचा. त्यांना आपण एक आणि शून्य म्हणू. बाकी सगळं संगनमताने ठरवायचं असतं.

पहिली अट वेगाची. एका अवस्थेला किती वेळ द्यायचा? हा वेग ज्या एककात मोजतात त्याला बॉड म्हणतात. हे नाव फ्रेंच तारखात्यातल्या एमिल बोदो या अभियंत्यावरून पडलं. पाच-पाच ठोक्यांचा एक वर्ण करून छापील तार पाठवण्याची पद्धत त्याने १८७४ साली नोंदवली होती. माझ्या यंत्रांत वेग बहुधा १,२०० किंवा ९,६०० असतो. ९,६०० वेगाला एक ठोका सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका टिकतो. बोलणारा ९,६०० ने बोलला आणि ऐकणारा १,२०० ने ऐकू लागला, तर पडद्यावर नुसता कचरा उमटतो. ही चूक त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण ती लपत नाही.

दुसरी अट अक्षराच्या हद्दीची. मोडी लिपीतली जुनी दप्तरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही अडचण लगेच कळेल. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली सलग लिहीत जाई. शब्द तोडत नसे. वाचणाऱ्याने तोड चुकीच्या ठिकाणी केली की अर्थ बदलला. तारेवरचे ठोकेही असेच सलग येतात. म्हणून प्रत्येक वर्णाआधी आरंभाचा एक ठोका आणि शेवटी विरामाचा एक ठोका द्यायचा असं ठरलेलं असतं. विरामाचे ठोके एक की दोन, हे दोन्ही बाजूंनी सारखं भरावं लागतं.

तिसरी अट वर्णाच्या लांबीची. अमेरिकेत १९६३ साली जो प्रमाण वर्णसंच ठरला त्यात प्रत्येक चिन्हाला सात अंक आहेत. पुढे आठ अंकांची चाल पडली. जुन्या वळणाची कित्येक यंत्रं आजही सातच अंक पाठवतात.

चौथी अट मला सगळ्यांत जास्त आवडते. तिला पॅरिटी म्हणतात. आपण सम-विषमाची अट म्हणू. छंदोबद्ध ओळ लिहून झाली की कवी मात्रा मोजून पाहतो. मात्रा जुळल्या म्हणजे ओळ चांगली असं नाही, पण मोजणी चुकली तर काहीतरी निसटलं आहे हे नक्की. इथेही तसंच. आकडा १ पाठवताना सात अंक जातात ते ०११०००१ असे. त्यात एक हा अंक तीनदा आला, म्हणजे विषम वेळा. करार विषमाचा असेल तर जोडीला शून्य पाठवायचं. आकडा ९ चे अंक ०१११००१. त्यात एक चारदा आहे. तेव्हा जोडीला आणखी एक पाठवून संख्या विषम करायची. ऐकणारा प्रत्येक वर्ण मोजून घेतो.

याची गरज काय, ते याच दोन आकड्यांकडे पुन्हा पाहिलं की समजेल. १ आणि ९ यांच्यात फरक आहे फक्त एका ठोक्याचा. शेजारच्या मोटारीच्या झटक्याने तो एक ठोका उलटला, तर १,००० लिटरचे ९,००० लिटर होतील आणि पडद्यावर काहीच वावगं दिसणार नाही. सम-विषमाची अट असेल तर चूक जागच्या जागी पकडली जाते. मात्र एकाच वर्णातले दोन ठोके एकदम उलटले, तर मोजणी पुन्हा जुळते आणि चूक निसटते.

या अटींतला विसंवाद कधीकधी फार फसवा असतो. पेटी सात अंक आणि विषमाची जोड पाठवते आहे आणि संगणक मात्र जोडीविना आठ अंक वाचतो आहे, असं समजा. दोन्हीकडे एकूण ठोके तेवढेच, म्हणून संभाषण सुरळीत चालल्यासारखं वाटतं. पण पडद्यावर १, २, ४, ७ आणि ८ हे आकडे स्वच्छ दिसतात आणि ०, ३, ५, ६, ९ यांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. पहिल्या गटातल्या आकड्यांची जोड शून्य असते, म्हणून ते वाचतात; दुसऱ्या गटाची जोड एक असते आणि संगणक ती वर्णाचाच भाग समजतो. नव्या मुलांना मी हा तक्ता पाठ करायला लावतो. निम्मे आकडे शहाणे आणि निम्मे वेडे दिसले की तार तपासू नका, करार तपासा.

कोणती तार, किती लांब

पेटीमागच्या पोर्टचं सर्वांत जुनं प्रमाण आरएस-२३२ या नावाचं. ते १९६० साली ठरलं आणि दीर्घकाळ चाललेली त्याची सुधारित आवृत्ती १९६९ सालची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले. बोईसरच्या परिसराला उद्योगाच्या नकाशावर आणणारं ते केंद्र आणि माझ्या हातातल्या खाचेचं ते प्रमाण एकाच वयाचं, याची मला गंमत वाटत आली आहे.

आरएस-२३२ मध्ये दाब मोजला जातो तो जमिनीच्या तारेच्या संदर्भात. उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे एक, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य. मधल्या पट्ट्याला अर्थ नाही. जुन्या नियमाप्रमाणे ही तार पन्नास फुटांपर्यंतच न्यायची. कारखान्यात मात्र पेटी असते डिझेल यार्डात आणि हिशेबनीस बसतात दीड-दोनशे मीटर दूर. दोन इमारतींच्या जमिनीचा विद्युतदाबही सारखा नसतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा. जूनच्या पहिल्या विजा कडाडल्या की जळालेल्या पोर्टच्या तक्रारी येत.

लांब अंतरासाठी १९८३ सालचं आरएस-४८५ वापरतात. यात पीळ दिलेल्या दोन तारा असतात आणि अर्थ काढला जातो तो त्या दोघींच्या आपसातल्या फरकावरून. बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागतो, त्यामुळे फरक कायम राहतो. ही जोडी १,२०० मीटरपर्यंत जाते आणि एकाच जोडीवर अनेक यंत्रं बसू शकतात. मग प्रत्येकाला क्रमांक द्यावा लागतो आणि ज्याचा पुकारा होईल त्यानेच बोलायचं, हा शिरस्ता पाळावा लागतो. दोन यंत्रांना एकच क्रमांक दिला तर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध बसवायचा, नाहीतर ठोका टोकावर आपटून मागे फिरतो. टाकीतून येणारी दांड्याची तार आणि ही पोर्टची तार एका नळीतून कधीही न्यायची नाही; टाकीच्या तोंडाशी इंधनाची वाफ असते आणि तिथे जाणाऱ्या तारेत ठिणगी पडेल एवढी वीज कुठूनही शिरता कामा नये.

आणि बोईसरचा म्हणून एक जादा नियम: जोडणीवर झाकण घट्ट बसवा. समुद्राचा खारा वारा आणि वसाहतीतली हवा यांच्यापुढे तांब्याची पिन वर्षभरात हिरवी पडते.

१९९ लिटर

त्या कारखान्यात मी हे सगळं नीट केलं होतं. एप्रिल २००८ मध्ये यंत्रणा सुरू झाली. वेग, विराम, लांबी, सम-विषम, सगळं दोन्हीकडे जुळवलं. तासभर चाचणी घेतली, एकही वर्ण चुकला नाही. दर रात्री पेटीतला अहवाल हिशेबनिसांच्या संगणकात आपोआप जाऊ लागला. मी कामाच्या कागदावर सही घेतली आणि पुढच्या कामाला लागलो.

एप्रिलअखेर संगणकात शिल्लक होती १,९७३ लिटर. मे महिन्यात तीन टँकर आले, प्रत्येकी १२,००० लिटरचे. २१,००० लिटर वाटले गेले. पावसाआधी टाकी भरून ठेवायची पद्धत होती, म्हणून महिनाअखेर टाकी बरीच भरलेली होती. वहीप्रमाणे १६,९७३ लिटर असायला हवे होते. संगणक म्हणाला १६,७७४. तूट १९९ लिटर. त्या वेळच्या भावाने सुमारे सात हजार रुपये.

स्टोअर सांभाळणारे काका तिथे वीस वर्षं होते. त्यांनी त्याच दिवशी काठी टाकली होती आणि काठीप्रमाणे टाकीत १७,००० लिटर होते. ते काठी आणि वही दोन्ही घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी विचारलं, ‘‘काठी कोणी टाकली?’’

‘‘मीच टाकली साहेब.’’

‘‘मग?’’

त्या ‘मग’ला उत्तर नव्हतं. माणूस स्वतःच्या बाजूने खोटं बोलू शकतो, यंत्राला कुणाची बाजू नसते, हा त्यातला सरळ हिशेब होता. काकांना स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं. मला बोलावून यंत्रणा तपासायला सांगितलं. मी पुन्हा चाचणी घेतली. एकही वर्ण चुकत नव्हता. मी लेखी दिलं की संपर्क निर्दोष आहे. तो कागद काकांच्या फायलीत लागला.

गेटवर बसूनही काकांनी एक केलं. त्यांच्या जागी आलेला मुलगा रोज काठी टाकत होता. त्याचे आकडे आणि संगणकाचे आकडे ते शेजारीशेजारी उतरवत राहिले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा त्यांनी मला गेटवर थांबवलं आणि वही पुढे केली.

‘‘साहेब, हा चोर मला कळत नाही. टँकर उतरला की दीडशे-एकशेसाठ लिटर गायब होतात आणि आठवडाभरात टाकी उतरत गेली की परत येतात. चोरलेलं डिझेल कुणी परत आणून ओततं का?’’

मी वही पाहिली. टाकीत ३,००० लिटर असताना दोन आकड्यांतला फरक तीस-चाळीस लिटर. टँकर उतरल्यावर दोनशेच्या आसपास. चोरीला टाकीतल्या उंचीशी काही देणंघेणं नसतं. हा फरक मात्र जेवढं तेल तेवढा, अगदी प्रमाणात होता. आणि जूनअखेर टाकी उतरलेली असताना महिन्याचा हिशेब १९१ लिटर जादा निघाला होता. त्याची चौकशी कुणी केलेली नव्हती. जादा आलेल्याचा जाब विचारायची रीत नाही.

मी यार्डात जाऊन पेटीतून चिठ्ठी छापली. चिठ्ठीवर लिटरचे रकाने दोन असतात. पहिला, टाकीत आत्ता प्रत्यक्ष आहे ते आकारमान. दुसरा, तेच तेल १५ अंश सेल्सियसला आणलं तर जेवढं भरेल ते. तापलं की डिझेल फुगतं, दर अंशाला सुमारे ०.०८३ टक्के. तेलाच्या व्यापारात म्हणून एक प्रमाण तापमान धरून हिशेब करण्याची सोय असते आणि पेटी दोन्ही आकडे सांगते. मेअखेर टाकीतलं तेल ३१ अंशांवर होतं. १५ पासून १६ अंश वर, म्हणजे सव्वा टक्क्याहून थोडा जास्त फुगवटा. १७,००० लिटरवर तो होतो २२६ लिटर. १७,००० वजा २२६ म्हणजे १६,७७४.

संगणकातला कार्यक्रम मी लिहिला होता. अहवालातला रकाना उचलताना मी दुसरा उचलला होता. टँकर प्रत्यक्ष लिटर आणत होता, वाटपाचा पंप प्रत्यक्ष लिटर मोजत होता आणि शिल्लक तेवढी मी १५ अंशांची लिहीत होतो. टाकी भरली की तूट, रिकामी होत आली की वाढ. काठी बरोबर होती, पेटी बरोबर होती, तार बरोबर होती. चुकीचा होतो तो मी, आणि संपर्क निर्दोष असल्याचं प्रमाणपत्रही माझंच होतं.

अक्षर आणि अर्थ

पोर्टचा करार अक्षराची हमी देतो. एका टोकाला नऊ उच्चारला तर दुसऱ्या टोकाला नऊच ऐकू येईल, एवढंच. तो नऊ कशाचा, कोणत्या तापमानाचा, कोणत्या टाकीचा, हे ठोक्यांत कुठेच नसतं. ते दोन माणसांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. आमच्या व्यवसायात ही पायरी सर्रास वगळली जाते, कारण पडद्यावर स्वच्छ आकडे दिसले की काम झाल्यासारखं वाटतं.

त्यानंतरच्या वर्षांत इंधनाचा व्यवहार अशा तारांवर आणखी विसंबत गेला. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे भाव रोज बदलू लागले. स्वयंचलित यंत्रणा असलेल्या पंपांवर नवा भाव तारेवरूनच येऊन बसतो. त्याच वर्षी तारेची दुसरी बाजूही दिसली. एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलाने लखनौतल्या पंपांवर छापे घातले आणि मापनयंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या. पाठोपाठ ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत तशाच कारवाया केल्या. पंपात मीटरच्या आसाबरोबर फिरणारा एक पल्सर असतो. प्रत्येक लिटरमागे तो ठरावीक ठोके पुढे पाठवतो आणि ते मोजून पडद्यावर लिटर उमटतात. ठोके वाढवले की गाडीत कमी पडतं आणि पडद्यावर पूर्ण दिसतं. इथेही पडदा जे ऐकलं तेच सांगत होता.

त्याआधी २०१५ च्या जानेवारीत रॅपिड७ या संगणक-सुरक्षा संस्थेने दाखवून दिलं होतं की टाक्यांवरच्या सुमारे ५,८०० पेट्या इंटरनेटवर कुलूप न लावता उघड्या होत्या, बहुतेक अमेरिकेतल्या. मूळची ती पन्नास फुटांची तार कुणीतरी सोयीसाठी एका छोट्या डब्याला जोडली होती आणि तो डबा जगाला. पेटीला सांकेतिक क्रमांक मागायची सोय असते, पण तो भरायला जोडणारा विसरतो. खोलीतल्या खोलीत बोलायचं असताना कुलपाची गरज भासत नाही. खोलीची भिंत पाडल्यावर ते आठवायला हवं.

म्हणूनच रस्त्यावरच्या पंपावर आजही एक साधं भांडं ठेवलेलं असतं. वैधमापनशास्त्र विभागाने मुद्रांकित केलेलं पाच लिटरचं माप. कुणीही ग्राहक ते भरून मागू शकतो. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त नाही. त्या भांड्याला पोर्ट नसतो, म्हणून तारेवर काय घडतंय याची साक्ष ते देऊ शकतं.

मी साहेबांना लेखी कळवलं की चूक माझी होती, आकडेमोड जोडली आणि माझा आधीचा कागद फायलीतून काढायला लावला. काका स्टोअरमध्ये परत आले. मी त्यांची माफी मागायला गेलो, तेव्हा ते टाकीच्या तोंडाशी वाकले होते. काठी वर काढून त्यांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, ‘‘आधी हे वाचा. मग तुमची चिठ्ठी काढा.’’ आम्ही दोन्ही वाचलं. तीन लिटरचा फरक होता.

तेव्हापासून पोर्ट जोडून झाल्यावर मी कामाच्या कागदावर दोन ओळी वाढवल्या आहेत. पहिलीत टाकी भरलेली असतानाचे काठीचे, पेटीच्या चिठ्ठीचे आणि संगणकाचे आकडे. दुसरीत टाकी उतरलेली असतानाचे तेच तीन. दुसरी ओळ भरायला आठ-दहा दिवसांनी पुन्हा यावं लागतं आणि त्या फेरीचे पैसे कुणी देत नाही. कागदाच्या तळाशी सह्या दोन घेतो: एक साहेबांची, एक काठी धरणाऱ्याची.